पाकीट तुमच्या आधी बोलते

प्रश्न: सांगली जिल्ह्यात आमचा हळद आणि तयार मसाल्यांचा कारखाना आहे. दीडशेच्या आसपास कामगार आहेत, पश्चिम महाराष्ट्र आणि कोकणात वितरक आहेत, थोडा माल आखातात जातो. जाहिराती आम्ही करतोच. आता एका एजन्सीने ‘कम्युनिकेशन स्ट्रॅटेजी’ करून देण्याचा प्रस्ताव दिला आहे आणि रक्कम बरीच आहे. आमच्या आकाराच्या उद्योगाला याचा खरोखर उपयोग होतो का, की हे मोठ्या कंपन्यांचे काम आहे?

उत्तर:

उपयोग होतो. मात्र प्रस्तावात जी कारणे लिहिली असतील, त्या कारणांसाठी होत नाही. ‘ब्रँडची ओळख’, ‘सोशल मीडियावरची उपस्थिती’, ‘प्रसिद्धी’ हे शब्द तूर्त बाजूला ठेवा. ते काम तुमच्या जाहिराती करतच आहेत. खाद्यपदार्थ बनवणाऱ्या कंपन्यांसाठी मी बरीच वर्षे हे काम करतो आहे. ‘कम्युनिकेशन स्ट्रॅटेजी’ म्हणजे संवादाचे धोरण ठरवताना एक प्रश्न सतत विचारावा लागतो: आपण जे बोलतो त्याचा पुरावा आपल्याकडे कुठे आहे? पुरावा सापडला नाही, तर बोलणे बदलावे लागते किंवा कारखान्यातले काम बदलावे लागते. या दोन्ही गोष्टींना वेळ लागतो, आणि बातमी फुटल्यावर तो वेळ मिळत नाही. तुम्ही पैसे मोजायचे ते या कामासाठी.

तुमच्याच क्षेत्रातली दोन प्रकरणे जरा सविस्तर सांगतो. दोन्ही जुनी आहेत, दोन्हींचा शेवट झालेला आहे, त्यामुळे त्यांच्याकडे शांतपणे पाहता येते.

ऑक्टोबर २००३. दिवाळी तोंडावर आली होती. मुंबईत काही ग्राहकांनी कॅडबरी डेअरी मिल्कमध्ये अळ्या सापडल्याची तक्रार राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे (एफडीए) केली आणि बातमी देशभर गेली. कंपनीचा पहिला पवित्रा असा होता की कारखान्यात अळी लागणे शक्य नाही, दुकानात माल नीट ठेवला गेला नसावा. एफडीएचे म्हणणे होते की तसे असेल तर वेष्टन पुरेसे हवाबंद का नाही? आता, दुकानात धान्याशेजारी ठेवलेल्या चॉकलेटला कीड लागू शकते, हे खरेच आहे. कंपनी खोटे बोलत नव्हती. पण ते वाक्य कोणाकोणाच्या कानावर पडले ते पाहा. ग्राहकाला त्यात आपल्या मुलाच्या हातातल्या चॉकलेटबद्दल काहीच सापडले नाही. आणि ज्या लाखो दुकानदारांच्या जोरावर दिवाळीचा माल खपायचा, त्यांना ऐन हंगामात कळले की दोष आपल्यावर ढकलला जातो आहे. सणासुदीत विक्री वाढायची, ती त्या वर्षी सुमारे ३० टक्क्यांनी घटली.

पुढे कंपनीने जे केले ते मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक नव्या उद्योजकाला सांगतो, आणि त्यातला क्रम मुद्दाम सांगतो. आधी टीव्हीवरच्या जाहिराती थांबवल्या. मग ‘विश्वास’ नावाची मोहीम हाती घेतली आणि निवडक राज्यांतल्या सुमारे १,९०,००० दुकानदारांपर्यंत पोहोचून माल कसा साठवायचा ते समजावले. म्हणजे ज्यांना नकळत दुखावले होते त्यांच्याकडे सर्वांत आधी गेले. त्याच वेळी बाहेरून यंत्रे मागवली, त्यावर सुमारे १५ कोटी रुपये घातले, आणि जानेवारी २००४ मध्ये उष्णतेने बंद केलेल्या अॅल्युमिनियमच्या कागदात व त्यावर आणखी एका आवरणात बंद केलेले चॉकलेट बाजारात आणले. वेष्टनाचा खर्च १० ते १५ टक्क्यांनी वाढला, किंमत वाढवली नाही. एवढे झाल्यावर मग अमिताभ बच्चन आले.

लोकांना आज फक्त बच्चन आठवतात. माझ्याकडे येणारे उद्योजकही विचारतात की एखादा मोठा चेहरा घेतला तर विश्वास परत मिळेल का. ऑक्टोबरात, जुन्याच वेष्टनासह, बच्चन आले असते तर त्यांनी दाखवले काय असते? जानेवारीत त्यांच्या हातात दाखवण्याजोगी वस्तू होती. ग्राहक ती स्वतः फाडून पाहू शकत होता. २००४ च्या पुढच्या महिन्यांत विक्री सावरली, ती या क्रमामुळे, असे माझे मत आहे.

दुसरे प्रकरण नेस्लेच्या मॅगी नूडल्सचे, आणि ते तुमच्या जास्त जवळचे आहे, कारण त्याची सुरुवात पाकिटावरच्या चार शब्दांतून झाली. उत्तर प्रदेशात बाराबंकीत घेतलेल्या एका नमुन्यात ग्लुटामेट आढळले. पाकिटावर मात्र लिहिले होते की यात एमएसजी, म्हणजे चव वाढवणारे मोनोसोडियम ग्लुटामेट, वेगळे घातलेले नाही. कंपनीचे स्पष्टीकरण होते की कांद्याची पूड, गव्हाचे पीठ, शेंगदाण्यापासूनचे प्रथिन यांत ग्लुटामेट मुळातच असते. आम्ही वरून घालत नाही. रसायनशास्त्राच्या दृष्टीने यात चूक नाही. पण दुकानात उभी असलेली बाई ‘वेगळे घातलेले नाही’ हे शब्द वाचून ‘यात नाही’ असाच अर्थ घेते, आणि तिने तो तसाच घ्यावा म्हणूनच तर ते शब्द पाकिटाच्या दर्शनी भागावर छापलेले असतात. नियामकाने त्यावर बोट ठेवले. पुढे कोलकात्याच्या प्रयोगशाळेच्या अहवालात शिशाचे प्रमाण १७.२ पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) आले, मर्यादा २.५ पीपीएम होती, आणि मग प्रकरण हाताबाहेर गेले.

मे २०१५ मध्ये कंपनीने जे खुलासे दिले त्यातला एक असा होता की तपासलेला नमुना ज्या बॅचचा आहे, त्या बॅचची मुदत नोव्हेंबर २०१४ मध्येच संपली असून तो माल आता बाजारात नाही. हेही खरे होते. पण आई विचारत होती ते वेगळेच होते: आत्ता माझ्या स्वयंपाकघरात जे पाकीट आहे ते मुलांना देऊ का? खरे उत्तर, पण दुसऱ्याच प्रश्नाचे. संकटात अडकलेल्या कंपन्यांकडून हा प्रकार मी इतक्यांदा पाहिला आहे की आता कोणताही खुलासा हातात आला की मी प्रथम एवढेच तपासतो: हे वाक्य वकिलाने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देते की आईने विचारलेल्या?

५ जून २०१५ रोजी एफएसएसएआयचा, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा नियामकाचा, मॅगीवर बंदी घालणारा आदेश निघाला. त्याच दिवशी नेस्लेचे जागतिक प्रमुख पॉल बुल्के दिल्लीत पत्रकारांसमोर आले आणि माल परत घेत असल्याचे त्यांनी सांगितले. पाठोपाठ हजारो टन नूडल्स नष्ट करावे लागले. १३ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली. कंपनीला म्हणणे मांडण्याची पुरेशी संधी दिली गेली नव्हती आणि ज्या प्रयोगशाळांच्या अहवालांवर आदेश आधारला होता त्या कायद्याने मान्यताप्राप्त नव्हत्या, असे न्यायालयाचे म्हणणे होते. न्यायालयाने तीन प्रयोगशाळांत नव्याने तपासणी करायला लावली, ती उत्तीर्ण झाल्यावर ९ नोव्हेंबरला, धनत्रयोदशीच्या दिवशी, मॅगी परत दुकानात आली. पाकिटावरचे ते चार शब्द मात्र परत आले नाहीत.

न्यायालयात कंपनी जिंकली, पण मधल्या पाच महिन्यांची भरपाई त्या निकालाने झाली नाही. ऑगस्टमध्ये सुरेश नारायणन यांनी नेस्ले इंडियाची सूत्रे हाती घेतली आणि त्यानंतर कंपनीचा आवाज बदलला, हे त्या काळात बारकाईने पाहणाऱ्या आम्हा सर्वांना जाणवले होते. पण माझा मुद्दा त्याच्या आधीचा आहे. ते चार शब्द छापायचे ठरले तेव्हा एखाद्याने बैठकीत विचारायला हवे होते की उद्या कोणी प्रयोगशाळेत ग्लुटामेट शोधले तर या शब्दांचा बचाव एका वाक्यात, सामान्य माणसाला पटेल असा करता येईल का. हा प्रश्न विचारणे ज्याच्या कामाचा भाग आहे अशी व्यक्ती आणि तशी बैठक कंपनीत असणे, याला मी धोरण म्हणतो.

आता तुमच्या कारखान्याकडे येऊ. तुमचे पाकीट मी पाहिलेले नाही, पण या धंद्यातली पाकिटे मी पुष्कळ पाहिली आहेत. ‘१०० टक्के शुद्ध’, ‘नैसर्गिक’, ‘पारंपरिक’ यांपैकी एखादा शब्द त्यावर असण्याची शक्यता दाट आहे. जाहिराती आणि दाव्यांबाबत २०१८ चे जे नियम आहेत त्यांत अशा शब्दांवर अटी आहेत, आणि मे २०२५ मध्ये एफएसएसएआयने ‘१०० टक्के’ हा शब्द खाद्यपदार्थांच्या पाकिटांवर व जाहिरातींत वापरू नका, असे स्पष्ट सांगितले. कायद्याचा भाग तुमचे सल्लागार पाहतील. मी विचारेन ते असे: हळदीचा रंग वाढवण्यासाठी लेड क्रोमेट हे शिसे असलेले पिवळे रंगद्रव्य वापरले जाते, हे आता ग्राहकालाही माहीत झाले आहे. तुम्ही प्रत्येक लॉटची शिशासाठी तपासणी करता का? कुठे करता? तो अहवाल बॅच नंबरवरून किती वेळात सापडतो? याची उत्तरे चांगली असतील तर ‘शुद्ध’ या शब्दाची गरजच उरत नाही. ‘या बॅचचा तपासणी अहवाल पाहा’ एवढे छापा आणि कोड द्या. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तुमची हळद त्या निकषात बसत असेल आणि रीतसर नोंदणी असेल, तर तेही सांगण्यासारखे आहे, कारण त्यामागे कागद आहे.

एप्रिल २०२४ आठवा. हाँगकाँगच्या अन्नसुरक्षा केंद्राने एमडीएचचे तीन आणि एव्हरेस्टचा एक मसाला इथिलीन ऑक्साइडच्या (कीड व जंतू मारण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या रसायनाच्या) कारणावरून विक्रीतून काढायला सांगितला. सिंगापूरने एव्हरेस्टचा फिश करी मसाला परत बोलावला. अशा वेळी प्रश्न फक्त त्या दोन कंपन्यांना विचारला जात नाही. दुबईतला किराणा दुकानदार त्याच्या फळीवरच्या प्रत्येक भारतीय मसाल्याबद्दल विचारतो. ज्याच्याकडे दोन ओळींचे उत्तर आणि सोबत जोडायला प्रयोगशाळेचा अहवाल तयार असतो, त्याची ऑर्डर पुढे जाते. बाकीच्यांची ‘जरा थांबू’ म्हणून थांबते, आणि थांबलेली ऑर्डर दुसऱ्याकडे जायला फार दिवस लागत नाहीत. आपल्याबद्दल काहीच आरोप नसताना होणारे हे नुकसान कुठल्या हिशेबाच्या वहीत दिसत नाही, म्हणून मालकांना ते खरे वाटत नाही. तहान लागल्यावर विहीर खणणे ही म्हण अशाच वेळी आठवते.

कामगारांबद्दल सांगायला हवे, कारण एजन्सीच्या प्रस्तावात ते बहुधा नसतील. बातमीची शहानिशा करायला लोक तुमच्या वेबसाइटवर येत नाहीत. ते ओळखीच्या माणसाला फोन करतात. दीडशे कामगार म्हणजे आसपासच्या गावांतली दीडशे घरे. ‘तुझ्या कारखान्यात असं काही करतात का रे?’ हा प्रश्न पहिल्यांदा त्यांना विचारला जातो, आणि ते जे सांगतात त्यावर तालुक्याचा विश्वास बसतो. त्यांना काही माहीत नसेल, किंवा मालकाबद्दल मनात अढी असेल, तर तुम्ही वर्तमानपत्रात अर्धे पान छापूनही उपयोग नाही. ऑक्टोबर २००८ मध्ये जेट एअरवेजने सुमारे १,९०० कर्मचाऱ्यांना एकदम कमी करत असल्याचे जाहीर केले. गणवेशातली तरुण मुले-मुली मुंबई विमानतळावर रडताना, घोषणा देताना सगळ्या वाहिन्यांवर दिसली, राजकीय पक्ष मध्ये पडले, आणि दुसऱ्याच रात्री कंपनीचे अध्यक्ष नरेश गोयल यांना सर्वांना परत घेत असल्याचे सांगावे लागले. निर्णय आर्थिकदृष्ट्या आवश्यक होता की नाही हा वेगळा विषय. पण कोणाला, कधी, कोणी आणि कोणत्या शब्दांत सांगायचे याचा विचार निर्णयाबरोबरच झाला नाही, तर निर्णयच टिकत नाही.

म्हणून माझा एक आग्रह असतो: कामगारांना आणि वितरकांना कोणतीही मोठी गोष्ट बाहेरच्या जगाच्या आधी कळली पाहिजे. तासभर आधी कळली तरी चालेल, पण आधी कळली पाहिजे. आणि ती त्यांच्या भाषेत, सुपरवायझरच्या तोंडून कळली पाहिजे. नोटीस बोर्डावर इंग्रजी परिपत्रक लावून काही साधत नाही.

प्रत्यक्ष दस्तऐवज कसा असावा? तुमच्यासाठी दहा-बारा पाने पुष्कळ झाली. सत्तर पानांचे रंगीत सादरीकरण आले तर ते कपाटात जाणार हे नक्की. पहिल्या पानांवर तुम्ही नेहमी जे दावे करता ते आणि प्रत्येकापुढे त्याचा पुरावा, तो कुठे ठेवला आहे आणि कोणाच्या ताब्यात आहे. मग तुमच्यावर विश्वास ठेवणारे कोण कोण आहेत याची नोंद: गृहिणी, किराणा दुकानदार, वितरक, हळद देणारे शेतकरी आणि मार्केट यार्डातले अडते, बँक, एफडीएचे जिल्हा कार्यालय, निर्यातीचे खरेदीदार, आणि कारखान्याच्या भिंतीपलीकडचे शेजारी, ज्यांच्या अंगणात मिरचीची पूड उडते. या प्रत्येकाला तुमच्याबद्दल कसली काळजी वाटते हे त्यांना भेटून विचारा आणि त्यांच्याच शब्दांत लिहा. इथे एजन्सीचा खरा उपयोग आहे, कारण मालकासमोर अडते आणि दुकानदार मोकळे बोलत नाहीत, तिऱ्हाईताशी बोलतात.

त्यानंतर संकटाचा भाग. तुमच्या धंद्यात होऊ शकणाऱ्या वाईट गोष्टी मोजक्याच आहेत: शिसे किंवा कीटकनाशकाचा अंश, भेसळीचा आरोप, कीड, कारखान्यात अपघात किंवा आग, तुमच्या नावाचा बनावट माल, आणि व्हॉट्सअॅपवर फिरणारी चित्रफीत. प्रत्येकासाठी पहिल्या दोन तासांत कोण काय करणार ते ठरलेले हवे. बोलणारा माणूस एकच, तो नसेल तर दुसरा कोण तेही लिहिलेले. २०१७ च्या नियमांनुसार माल परत बोलावण्याची लेखी योजना उत्पादकाकडे असावी लागतेच. ती बहुतेक ठिकाणी लायसन्सच्या फाइलमध्ये पडून असते. ती बाहेर काढा आणि संवादाच्या योजनेला जोडा. माल परत येतो आहे हे दुकानदाराला फोनवर कोण सांगणार, कोणत्या शब्दांत, पैसे कधी मिळतील याचे काय उत्तर देणार, एवढे त्यात नसेल तर ती योजना कागदावरच राहील.

वकिलांशी इथे खटका उडेल. ते सांगतील, काही बोलू नका, प्रत्येक शब्द पुरावा होतो. त्यांची बाजू चुकीची नाही. पण ‘आम्हाला तक्रार मिळाली आहे, त्या बॅचची विक्री आम्ही थांबवली आहे, नमुना तपासणीला पाठवला आहे, उद्या सायंकाळी पाच वाजता पुन्हा सांगू’ या चार वाक्यांत कबुली कुठेच नाही, आणि घाबरलेल्या ग्राहकाला हवे ते सगळे आहे. मात्र दुसऱ्या दिवशी पाच वाजता खरोखर बोलावे लागते, अहवाल आला नसला तरी. ही वाक्ये वकिलांकडून आत्ताच तपासून घ्या. रात्री अकरा वाजता, बातमीदार फोनवर असताना, कोणताही वकील होकार देत नाही.

धोरण चालते आहे की नाही हे कसे ओळखायचे, असे तुम्ही पुढे विचाराल. वर्तमानपत्रातली कात्रणे आणि सोशल मीडियावरचे ‘लाइक’ मोजून मालकाला महिन्याचा अहवाल देण्याची पद्धत आहे. मला त्यात अर्थ दिसत नाही. त्यापेक्षा एखाद्या शनिवारी संध्याकाळी सराव करा. रत्नागिरीच्या वितरकाला विश्वासात घ्या आणि त्याच्याकडून एका सेल्समनला तक्रार करवा: अमुक बॅचच्या पाकिटात किडे निघाले. मग घड्याळ लावा. ती तक्रार क्वालिटीच्या माणसापर्यंत किती वेळात पोहोचली, त्याने त्या बॅचचा कागद किती वेळात काढला, वितरकाला उत्तर कधी गेले, आणि मधल्या प्रत्येक माणसाने काय सांगितले. पहिल्या सरावात बहुतेक ठिकाणी तक्रार सोमवारपर्यंत सेल्समनच्याच फोनमध्ये राहते. सहा महिन्यांनी पुन्हा करा. शनिवारी रात्रीच उत्तर गेले, तर पैसे वसूल होत आहेत.

एका परिस्थितीत मात्र मी तुम्हाला थांबा म्हणेन. कच्च्या मालाची तपासणी नियमित होत नसेल, किंवा एखादा दावा खोटा आहे हे तुम्हाला स्वतःला ठाऊक असेल, तर हे पैसे आधी प्रयोगशाळेवर खर्च करा. कमकुवत मालाला चांगले शब्द देणारी माणसे बाजारात मिळतात, पण त्या शब्दांमुळे नंतरचा राग दुप्पट होतो. आणि उद्योग अगदी लहान असेल, मालक रोज स्वतः गल्ल्यावर बसत असेल, तर त्याला लेखी धोरणाची गरज नाही. तो स्वतःच सगळ्यांना उत्तर देत असतो. तुम्ही त्या टप्प्याच्या पुढे गेला आहात. तुमच्या वतीने रोज अनेक माणसे बोलतात आणि त्यांतल्या बहुतेकांना तुम्ही काय बोलला असता ते माहीत नाही.

प्रस्तावाबद्दल. पूर्ण रक्कम आणि वर्षभराचा करार मान्य करू नका. दोन टप्पे पाडायला सांगा. पहिल्या टप्प्यात दाव्यांची तपासणी, लोकांच्या भेटी, बारा पानांचा मराठी दस्तऐवज आणि एक सराव. दरमहाच्या मानधनाचा विषय त्यानंतर, आणि तो लागेलच असे नाही. ऑफिसातली एखादी समंजस, नीट लिहिणारी व्यक्ती तयार केली तर पुढचे काम ती करू शकते. पहिल्या बैठकीत एजन्सीच्या लोकांनी कोणाकोणाला भेटायचे आहे असे विचारले, ते लक्षात ठेवा. त्यात क्वालिटी विभागाचा माणूस, एक किराणा दुकानदार आणि दुसऱ्या पाळीचा सुपरवायझर यांचे नाव निघाले नाही, तर दुसरी एजन्सी शोधा. निघाले, तर काम डिसेंबरअखेर संपेल अशी तारीख करारात घाला. जानेवारीनंतर यार्डात नवी हळद यायला लागली की तुमच्या क्वालिटीच्या माणसाला त्यांच्यासाठी वेळ मिळणार नाही.